नोकरी गेली, मुलीची पोटगी कशी भरू? अनुभव आणि सल्ला हवा

पाऊलवाट (धागाकर्ता), १ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

इथे इतकी वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा स्वतःचं लिहितोय. घरात कोणाशी बोलता येत नाही म्हणून.

मार्च २०२१ मध्ये पुण्यात परस्पर संमतीने माझा घटस्फोट झाला. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, सहावीत गेली. ती तिच्या आईकडे असते, दर रविवारी आणि अर्ध्या सुट्टीत माझ्याकडे येते. संमतीच्या अटींत असं ठरलं होतं की मुलीसाठी महिना १८,००० रुपये ५ तारखेच्या आत द्यायचे, दर दोन वर्षांनी १० टक्के वाढवायचे आणि शाळेची निम्मी फी वेगळी भरायची. त्या हिशेबाने गेल्या वर्षीच्या मार्चपासून २१,७८० रुपये जातात. तिच्या आईची नोकरी आहे, तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पाच वर्षांत माझी ५ तारीख एकदाही चुकलेली नाही.

फेब्रुवारीत कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. मी टेस्टिंगमध्ये आहे, अठरा वर्षांचा अनुभव, हातात १,१२,००० यायचे. दोन महिन्यांचा पगार दिला आणि नारळ दिला. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांची पोटगी त्याच पैशांतून भरली. फ्लॅटचा हप्ता ३४,००० आहे. आईबाबा माझ्याकडे असतात, बाबांची औषधं चालू आहेत. संध्याकाळी एका क्लासमध्ये शिकवतो, त्याचे १५,००० मिळतात. आज खात्यात ६१,००० उरलेत आणि १५ जूनला शाळेचा पहिला हप्ता आहे, त्यात माझा वाटा १८,५००.

मुलीच्या आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी मुलगी आली तेव्हा दारामागच्या खुंटीकडे बघून म्हणाली, "बाबा, तुझं गळ्यातलं कार्ड कुठेय?" मी म्हणालो, बॅगेत आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. पण संध्याकाळी चपला घालताना परत एकदा त्या खुंटीकडे बघितलं.

एक मित्र म्हणतो, बेकार माणसाकडून कोर्ट काय वसूल करणार, सरळ थांबव. दुसरा म्हणतो, थांबवलंस तर वॉरंट येईल. खरं काय? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

रानजाई, २ जून, सकाळी ७:१५

दादा, कायद्याचं जाणकार सांगतील. मला एकच वाटतं, मुलीच्या आईला आजच सांगा. मुलीला कळलेलंच आहे.

काळा_कोट, २ जून, दुपारी २:०५

मी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तुमची कागदपत्रं बघितलेली नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

नोकरी गेली म्हणून पोटगीचा आदेश आपोआप थांबत नाही. तो बदलून घ्यावा लागतो, आणि बदलून मिळेपर्यंत दर ५ तारखेला २१,७८० रुपयांचं देणं तुमच्या नावावर चढत राहतं. तुमचा पहिला मित्र इथे चुकतोय. आज खिशात पैसे नाहीत म्हणून वसुली लांबेल, पण देणं मिटत नाही. उद्या नोकरी लागली की दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल होते आणि पगारावर जप्ती येते. इतर कर्जांसाठी पगाराचा मोठा भाग जप्तीतून सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० फक्त एक तृतीयांश पगार सोडतं, बाकी दोन तृतीयांश जप्त होऊ शकतो.

आता बदल कसा मागायचा. तुमचा निकाल हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली आहे. त्याच्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दलचे आदेश निकालानंतरही वेळोवेळी बदलण्याचा, स्थगित करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. ज्यांचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आहे त्यांना बदलासाठी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ही कलमं १४४ आणि १४६ झाली. नंबर बदलले, गाभा तोच: परिस्थिती बदलली हे दाखवा, रक्कम बदलून मागा.

अर्जाची तारीख फार महत्त्वाची. कोर्टाने रक्कम कमी केलीच, तर ती फार तर अर्जाच्या तारखेपासून होते. त्याआधीची थकबाकी सहसा माफ होत नाही. लोक आठ-दहा महिने गप्प बसतात, वसुलीची नोटीस आली की धावत येतात आणि म्हणतात, मॅडम, मी तर तेव्हापासून बेकार आहे. असाल हो, पण तेव्हा सांगितलं का नाहीत?

आणि बेकारी म्हणजे शून्य उत्पन्न असं कोर्ट धरत नाही. माणूस काय कमावतोय याबरोबर काय कमावू शकतो हेही बघतात. २०१५ चा शमीमा फारुकी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पत्नीच्या पोटगीचा आहे, पण तत्त्व इथेही लागतं. नवरा सैन्यात होता, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने ४,००० ची पोटगी २,००० वर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४,००० कायम केले. २०२२ च्या अंजू गर्ग निकालात तर स्पष्ट म्हटलंय की धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे.

पण तुमची गोष्ट नोकरी सोडलेल्याची नाही, नोकरी गेलेल्याची आहे. कंपनीचं पत्र, फुल अँड फायनलचा (नोकरी संपतानाचा) हिशेब, पीएफच्या पासबुकात वर्गणी कुठल्या महिन्यात थांबली ते पान, कुठे कुठे अर्ज केले त्याचे ईमेल, हे सगळं लावा. प्रामाणिक माणसाची रक्कम काही काळापुरती कमी होते, हे मी बघितलंय. शून्य झालेली मात्र क्वचितच.

फ्लॅटच्या हप्त्यावर भिस्त ठेवू नका. कर आणि पीएफसारख्या सक्तीच्या कपाती कोर्ट वजा धरतं. घराचा हप्ता म्हणजे तुम्ही स्वतःसाठी मालमत्ता उभी करताय, तो मुलीच्या दूधभाताच्या आधी येत नाही.

आणि या ५ तारखेला जेवढं जमेल तेवढं भराच. बँकेतूनच भरा, रोख देऊ नका, शेऱ्यात महिना लिहा.

गोदाकाठ, २ जून, रात्री ९:३०

वकीलताईंनी "नोकरी सोडलेला" आणि "नोकरी गेलेला" हा फरक केला, त्यावर लिहायचंय. मी नाशिकची. माझ्या मुलाच्या वडिलांनी पोटगीचा आदेश झाल्यावर सातव्या आठवड्यात राजीनामा दिला. शपथपत्रात लिहिलं, उत्पन्न नाही, आईवडिलांवर अवलंबून.

तेव्हा मुलगा चौथीत होता. फी राहिली म्हणून शाळेने त्याचं प्रगतिपुस्तक अडवलं. सगळ्या मुलांच्या हातात पुस्तक आणि हा रिकाम्या हाताने वर्गाबाहेर आला. मला म्हणाला, "माझं हरवलंय बहुतेक." त्याला खरंच तसं वाटलं होतं.

माझ्या वकिलांनी त्यांच्या बँकेचे तीन वर्षांचे उतारे मागवले. दर महिन्याला सख्ख्या भावाच्या खात्यातून ५५,००० यायचे, शेऱ्यात लिहिलेलं "हातउसने". भावाच्या दुकानाचा सगळा कारभार हेच बघत होते. उलटतपासणीत विचारलं, हातउसने घेतलेले परत किती केले? एकही नाही. कधी करणार? उत्तर नाही. कोर्टाच्या रोजनाम्यात तेवढी दोन वाक्यं लिहिली गेली आणि रक्कम होती तीच राहिली. पण या सगळ्यात एकोणीस महिने गेले.

पाऊलवाट, तुमच्याबद्दल हे म्हणत नाही. पण तुम्ही जेव्हा कोर्टात "नोकरी गेली" म्हणाल तेव्हा समोर बसलेल्या मुलीच्या आईने माझ्यासारख्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. तिला संशय आला तर राग धरू नका. मागायच्या आधी कागद दाखवा.

काळा_कोट, ३ जून, सकाळी १०:२०

गोदाकाठ, हे उतारे तुम्हाला मागता आले त्याचं श्रेय बऱ्याच अंशी रजनीश विरुद्ध नेहा या निकालाला जातं. ४ नोव्हेंबर २०२०, सर्वोच्च न्यायालय. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं असतं: पगार, खाती, गुंतवणूक, कर्ज, राहणीमान, सगळं. त्यात खोटं लिहिलं तर वेगळी कारवाई होऊ शकते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी हेही त्याच निकालात पक्कं झालं.

सरळरेघ, ३ जून, दुपारी १:४५

एक प्रश्न कोणीच विचारत नाही म्हणून विचारतो. मुलगी दोघांची आहे. आईची नोकरी चालू आहे, बापाची गेली. मग काही महिने सगळा खर्च आईने केला तर अन्याय कुठे होतो? मी स्वतः २०२० मध्ये नऊ महिने बेकार होतो. कोणी विचारलं नाही की तू काय खातोस. नंतर प्रत्येक तारखेला मला "धडधाकट आहात ना?" एवढंच ऐकवलं गेलं. धडधाकट होतो, पण हॉटेलं बंद होती आणि मी हॉटेलात कॅप्टन होतो. कुठे जाणार होतो?

काळा_कोट, ३ जून, दुपारी ४:३०

सरळरेघ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने तो झटकलेला नाही. २००० सालचा पद्मजा शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. आई-बाप दोघंही नोकरी करणारे, बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट. कोर्टाने मुलांचा खर्च दोनास एक या प्रमाणात वाटला. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चं कलम २० सुद्धा मुलांना पोसायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकतं. म्हणजे उत्पन्नाचं प्रमाण बदललं की वाटा बदला, हे मागता येतं. पाऊलवाटांच्या अर्जात हा मुद्दा हवाच.

पण "सगळा खर्च आईने केला तर" यात एक गोष्ट सुटते. ज्याच्याकडे मूल राहतं त्याने आपला वाटा आधीच उचललेला असतो. रात्री दोनला ताप आला तर सुट्टी कोण टाकतं? तो वाटा कुठल्या शपथपत्रात येत नाही.

तुमचे २०२० चे नऊ महिने कठीण गेले असणार. त्या काळात ज्यांनी लगेच अर्ज दिले त्यांच्यापैकी अनेकांना सवलत मिळाली. तुम्ही दिला होतात का?

सरळरेघ, ३ जून, संध्याकाळी ६:१०

नाही. कोर्टं बंद आहेत असंच वाटत होतं. कोणी सांगितलंच नाही.

पंचगंगा, ४ जून, रात्री १०:५०

मी काय फार शिकलेला माणूस नाही. कोल्हापूरकडचा, फौंड्रीत मोल्डर होतो. दोन पोरं, दोघांचे मिळून ६,००० द्यायचा हुकूम. फौंड्री बंद पडली. मग रोजंदारीवर, कधी काम मिळायचं कधी नाही. मला वाटायचं, तारखेला मोकळ्या हाताने जाऊन साहेबांसमोर काय तोंड दाखवू? म्हणून गेलोच नाही. अकरा महिने.

एक दिवस सकाळी दुधाच्या वेळेला पोलीस आले. आई चहा टाकत होती, तिने त्यांनाही कप भरले. तिला वाटलं कसली तरी चौकशी असेल. ६६,००० भरा नाही तर चला. चला म्हटलं.

महिनाभर आत होतो. बाहेर आल्यावर कोर्टातल्या कारकुनाला विचारलं, आता मिटलं न्हवं? ते म्हणाले, नाही मिटलं, ६६ हजार तसेच हाईत. मी तिथं बाकड्यावर बसलो ते उठवेना. महिनाभराची मजुरी पण बुडाली आणि पैसे पण तसेच.

नंतर एका वकिलांनी अर्ज करून दिला. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, ६,००० चे ४,५०० केले आणि मागचे हप्त्याने फेडायला सांगितले. हे मी पहिल्याच महिन्यात केलं असतं तर आईला तो दिवस बघावा लागला नसता. दादा, तुम्ही जावा कोर्टात. साहेब खात नाहीत.

काळा_कोट, ५ जून, सकाळी ९:००

पंचगंगा, हे लिहिल्याबद्दल तुमचे फार आभार. मी पक्षकारांना हे सांगून थकते. तुरुंगवास हा पैसे भरायला लावण्याचा मार्ग आहे, पैशांची फेड नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात सांगितलंय.

ज्यांना पैसे येणं आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. कलम १२५, म्हणजे आताच्या १४४ खाली वॉरंट मागायचं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देतील कधीतरी" म्हणून दोन-दोन वर्षं थांबू नका.

एडिसनकर, ५ जून, रात्री ८:१५

इकडे न्यू जर्सीत माझ्या चुलतभावाचं हेच झालं. इथे पोटगी थेट पगारातून कापली जाते, त्यामुळे नोकरी गेली की कपात थांबते आणि माणसाला वाटतं देणंही थांबलं. ते थांबत नाही. १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे एकदा थकलेली पोटगी कोणतंही राज्य मागे जाऊन कमी करू शकत नाही. बदल मिळाला तर फार तर अर्जाची नोटीस दिल्यापासून. बेकारी भत्ता मिळत असेल तर त्यातूनही कापतात. जाणूनबुजून कमी कमावतोय असं न्यायाधीशांना वाटलं तर "हा एवढं कमावू शकतो" असं धरून रक्कम ठरते. अमेरिकी नागरिकाची थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर पासपोर्टही मिळत नाही.

चुलतभाऊ एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता. नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा, आणि मुलगा इथेच. त्या साठ दिवसांत त्याने सगळं केलं, फक्त कोर्टात अर्ज केला नाही. पुण्यात परतला तेव्हा डॉलरमधलं देणं चालूच होतं.

ओंजळ, ६ जून, रात्री १२:३५

मी कोणाची आई नाही, बायको नाही. मी त्या पैशांवर वाढलेली मुलगी आहे. आता सव्वीस वर्षांची आहे.

आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा एका साखर कारखान्यात होते. त्या वेळी खात्यात वगैरे पैसे टाकायची आमच्याकडे पद्धत नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई मला एसटी स्टँडवर सोडायची, बाबा यायचे, आम्ही कँटीनमध्ये मिसळ खायचो आणि निघताना ते माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पाकीट ठेवून चेन लावायचे. चेन लागली की नाही ते दोनदा बघायचे.

मग कारखाना बंद पडला. तीन महिने बाबा आले पण पाकीट नव्हतं. घरी आल्यावर आई विचारायची, "काय म्हणाले?" पुढच्या वेळी जाताना, "विचार त्यांना." बाबा म्हणायचे, "सांग आईला, पुढच्या महिन्यात." मी दोन्हीकडचे निरोप न चुकता पोचवायचे. मला ते काम नीट करायचं होतं.

चौथ्या महिन्यात बाबा आलेच नाहीत. मी फलाट क्रमांक तीनवर सव्वा तास उभी होते. प्रत्येक गाडीतून उतरणारी सगळी माणसं बघितली. त्यानंतर अडीच वर्षं ते भेटले नाहीत.

मोठी झाल्यावर विचारलं त्यांना. म्हणाले, "मोकळ्या हाताने कसा येऊ? तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं." मला ते पाकीट कधी दिसायचंसुद्धा नाही हो. ते आईचं होतं. माझी मिसळ होती.

काका, तुम्ही रविवार बंद करू नका, एवढंच सांगायला आले.

पाऊलवाट (धागाकर्ता), ८ जून, रात्री १०:००

सगळ्यांचं वाचलं. ओंजळ, तुझं तीन वेळा वाचलं. उत्तर काय लिहू कळत नाही.

५ तारखेला १५,००० भरले, शेऱ्यात लिहिलं "जून, अंशतः". त्याआधी मुलीच्या आईला फोन केला. ती पैशांवरून चिडली नाही. फेब्रुवारीपासून लपवलं यावरून चिडली. म्हणाली, "मार्चमध्ये मी तिला तबल्याच्या क्लासला घातलं, एप्रिलमध्ये सायकल घेतली. तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी सायकल पुढच्या वर्षी घेतली असती. तुझा हिशेब तू करतोस, माझा मला करू देत नाहीस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी समजत होतो की लपवून मी तिला त्रास वाचवतोय.

गोदाकाठताईंचं ऐकून कंपनीचं पत्र, फुल अँड फायनलचा कागद आणि सहा महिन्यांचा बँक उतारा तिला ईमेलने पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं, "बघितलं. शाळेचा हप्ता १५ ला मी पूर्ण भरते. तुझा वाटा नंतर दे. कोर्टात काय करायचं ते वकिलांना विचारून सांग."

मोटरसायकल विकायला काढली आहे. अर्ज तयार करायला दिला आहे.

चाफेकळी, ९ जून, सकाळी ११:२५

या धाग्यात विचारलं तर चालेल का? माझ्या बाबतीत उलट आहे. मुलगा माझ्याकडे, त्याचे वडील १०,००० देतात आणि नोकरी माझी गेली आहे. मला वाढ मागता येते का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

काळा_कोट, ९ जून, दुपारी ३:००

येते. परिस्थितीतला बदल दोन्ही बाजूंनी चालतो, तीच कलमं वाढीसाठीही आहेत. तुमचं शपथपत्र आणि नोकरी गेल्याचा पुरावा लागेल. आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुरुषांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागतं, पण बेकार माणूस बसू शकतो. पंचगंगांसारख्यांना हे आधी कोणी सांगायला हवं होतं.

पाऊलवाट (धागाकर्ता), २३ ऑगस्ट, रात्री ९:१०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथे लिहितो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कलम २६ खाली अर्ज दाखल केला, सोबत शपथपत्र. कोर्टाने आम्हाला समुपदेशकांकडे पाठवलं. चार बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना एक कोरा कागद दिला आणि मुलीचा महिन्याचा खर्च आपापला लिहायला सांगितला. मी नऊ ओळी लिहिल्या. तिच्या आईने सव्वीस. चष्म्याचा नंबर दर आठ महिन्यांनी बदलतो, बुटांचं माप वाढतं, मैत्रिणींच्या वाढदिवसांच्या भेटी, परीक्षेच्या आधी आठवडाभर घरी ठेवलेल्या बाईंचे जादा पैसे. पाच वर्षं मी एक आकडा पाठवत होतो, त्याच्या आत काय काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

ठरलं ते असं. जुलैपासून सहा महिने २१,७८० ऐवजी १२,०००. उरलेले महिना ९,७८० माफ नाहीत, साठत राहतील. सहा महिन्यांचे ५८,६८० होतात, ते नोकरी लागल्यावर बारा हप्त्यांत फेडायचे, व्याज नाही. नोकरी लागल्यापासून सात दिवसांत पगाराच्या कागदासह कळवायचं. लागलीच नाही तर डिसेंबरात पुन्हा बसायचं. तशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दोघांच्या सह्यांनी दिली, कोर्टाने परवा आदेश केला.

मोटरसायकलचे ९०,००० आले. जूनचे राहिलेले ६,७८० आणि फीचे १८,५०० त्यातून दिले.

मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, तिच्या आईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. मी फार तयारी करून गेलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रविवार तसाच ना?"

तसाच, म्हटलं.

ओंजळ, २३ ऑगस्ट, रात्री ९:५५

काका 🙏

काळा_कोट, २४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी नकलेचा अर्ज आजच द्या, दोन प्रती मागा. एक मुलीच्या आईकडे राहू द्या. आणि डिसेंबरची तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा, सहा महिने संपले की जुनी रक्कम आपोआप चालू होते.